टाकी भरलेली, तरी नळ कोरडा

ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. विषय आहे गावचा नकाशा.

माझ्या मामाच्या गावात नळ आहेत, टाकी आहे, टाकीत पाणीसुद्धा आहे. तरी वरच्या वस्तीतली माझी मामी पहाटे चारला उठून पाणी भरायची. सहा वाजले की नळाला नुसती हवा. सगळ्यांचं एकच म्हणणं: पाणी सोडणारे काका खालच्या आळीला झुकतं माप देतात. मलाही ते खरंच वाटायचं.

दिवाळीत गेलो तेव्हा लॅपटॉपवर क्यूजीआयएस उघडलं. हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर. यात नकाशा थरांचा असतो. एक थर घरांचा, एक रस्त्यांचा, एक जमिनीच्या उंचीचा. उंचीचा थर मी नासाचा घेतला. २००० साली अवकाशयानातून रडारने मोजलेला हा डेटा कोणालाही डाउनलोड करता येतो.

आता हिशोब बघा. टाकीखालची जमीन ६१२ मीटरवर. टाकीचा तळ त्याच्या १० मीटर वर, म्हणजे ६२२. आणि वरची वस्ती ६२१! नळाला दाब मिळतो तो उंचीतल्या फरकामुळे. इथे फरक जेमतेम एक मीटर, तोही लांबलचक पाइपातल्या घर्षणात संपणार. म्हणजे टाकी काठोकाठ असेल आणि खालचे नळ बंद असतील, तेव्हाच पाणी वर पोचणार. कधी? पहाटे चारला.

पण थांबा. या डेटातला एक ठिपका म्हणजे जमिनीचा साधारण ३० बाय ३० मीटरचा तुकडा, आणि उंचीत काही मीटरची चूक सहज असते. त्यावरून निकाल द्यायचा नाही. शंका कुठे घ्यायची, एवढंच त्याने सांगितलं. मग ओळखीच्या सर्व्हेअरकडून लेव्हल लावून घेतली. खरा फरक निघाला दीड मीटर. काका निर्दोष सुटले!

मग टाकी तिथे बांधली का? कारण मोकळी जागा तिथे होती. कागदावर जागा दिसली, उंची दिसली नाही.

मुळात बऱ्याच गावठाणांचा नीट नकाशाच नव्हता. शेताला सातबारा, पण घराला काही नाही. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली. आधी घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या, मग भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन वरून फोटो घेणार, आणि शेवटी घरमालकाला मिळकत पत्रिका. महाराष्ट्रात ड्रोनने गावठाण मोजायचा प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता. हे नकाशे मालकीसाठी बनले खरे, पण गटार कुठून न्यायचं, रस्ता किती रुंद होईल, हेही त्यावर बघता येतं. पंचायतराज मंत्रालयाचं 'ग्राम मानचित्र' तर पंचायतींना नकाशावर नियोजन करता यावं म्हणूनच आहे.

मामाच्या गावात आता टाकी भरली की आधी वरच्या वस्तीला पाणी सोडतात, खालचा व्हॉल्व्ह नंतर उघडतात. माळावर छोटी टाकी हवी, ही मागणी ग्रामसभेत मांडली आहे. ती होईल तेव्हा होईल. मामी मात्र आता सहाला उठते.

तुमच्या गावात टाकीचा विषय निघाला तर ग्रामसभेत एवढंच विचारा: या जागेची उंची किती, आणि गावातल्या सगळ्यात उंचावरच्या घराची किती?