अर्ज आपला, चावी दुसऱ्याच्या हाती

आमच्या वस्तीतील एक मुलगी गेल्या वर्षी बारावी पास होऊन कॉलेजात गेली. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील रात्रपाळीचे वॉचमन. शिष्यवृत्ती मिळेल या भरवशावर तिने प्रवेश घेतला. अर्ज भरायचा होता इंटरनेटवर. मायलेकी कागदपत्रांची पिशवी घेऊन नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने पैसे घेतले, अर्ज भरला आणि पावती हातात दिली. काम झाले, असे दोघींना वाटले.

काम झाले नव्हते. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो पुसट आला होता, म्हणून कॉलेजने अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठविला. तसा निरोपही मोबाईलवर आला. पण तो आला दुकानदाराच्या मोबाईलवर, कारण अर्जात नंबर त्याचा होता, ई-मेलही त्याचाच होता आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक होता. त्याने त्या हंगामात शेकडो अर्ज भरले असतील, कोणाकोणाचे निरोप तो सांगणार? मुदत निघून गेली. परीक्षेच्या तोंडावर कॉलेजने फी मागितली, तेव्हा आईने कानातले मोडून ती भरली.

आम्ही त्या माउलीला भेटलो. ती म्हणाली, "भाऊ, फोन तर आमच्या घरात दोन आहेत. पण त्यात काय करायचं असतं ते आम्हाला कोणी शिकवलंच नाही."

वाचक बंधुभगिनींनो, या एका वाक्यात आजचा मोठा प्रश्न सामावला आहे. घरात फोन येणे ही एक गोष्ट आणि त्या फोनचा आपल्या हक्कांसाठी उपयोग करता येणे ही दुसरी.

आपल्या देशात इंटरनेट सामान्य ग्राहकांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. पुढची वीस वर्षे ते साहेबांच्या टेबलावरच राहिले. २०१७-१८ च्या सरकारी नमुना पाहणीत देशातील जेमतेम २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली. खेड्यांत तर ती १५ टक्के घरांतच होती. पुढे डेटा स्वस्त झाला, फोन स्वस्त झाले. २०२५ च्या पाहणीत सुमारे ८६ टक्के कुटुंबांच्या घरात इंटरनेट असल्याचे दिसले. केवढी मोठी मजल! मग आता प्रश्न संपला म्हणावा काय?

नाही. घरात आले म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या हाती आले असे होत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ५७ टक्के होते, स्त्रिया मात्र ३३ टक्के. फोन बापाचा किंवा भावाचा असतो. मुलीला तो मिळतो रात्री, तोही बॅटरी उतरल्यावर. शाळांचे पाहिले तर २०२३-२४ मध्ये देशातील जवळपास निम्म्या शाळांत इंटरनेट पोहोचलेले नव्हते. जगाचे चित्रही निराळे नाही. २०२४ साली सुमारे २६० कोटी माणसे इंटरनेटपासून दूर होती आणि त्यांत बहुतेक गरीब देशांतली होती.

म्हणून या विषयातील जाणकार आता नुसते "जोडणी आहे काय" असे विचारत नाहीत. ते चार गोष्टी तपासतात. रोज वापरता येते काय? वेग पुरेसा आहे काय? हातातला फोन त्या कामाचा आहे काय? आणि घरी, शाळेत किंवा कामाच्या जागी, कुठेतरी डेटा संपण्याची धास्ती न बाळगता बसता येते काय? या चारांत आम्ही पाचवी गोष्ट घालतो. ते वापरण्याचे शिक्षण मिळाले आहे काय?

या पाचव्या गोष्टीवाचून काय होते, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यातील ७० गावांत संगणक बसविण्याची योजना सुरू झाली. शेतकऱ्यांना बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी माहिती गावातच मिळावी असा हेतू होता. हेतू चांगलाच होता. पण काही वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले तेव्हा संगणकाचा वापर मुख्यतः उसाच्या वजनाच्या व हिशेबाच्या नोंदींपुरता उरला होता आणि तोही ऑपरेटरच्या हातून. पुढे सात गावांत प्रयोग म्हणून तेच काम मोबाईलच्या लघुसंदेशांवर करून पाहिले आणि ते झाले. यंत्र गावात बसवून भागत नाही, ते माणसाच्या हाती यावे लागते.

दुसरा दाखला केरळचा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लंपारा ही एक ग्रामपंचायत. रोजगार हमीची मजुरी खात्यात जमा झाली की नाही, एवढेच पाहायला गोरगरीब माणसे कामधंदा सोडून बँकेच्या रांगेत उभी राहत. ती रांग पाहून गावच्या कार्यकर्त्यांनी विचार केला की ही माहिती तर फोनवरच कळू शकते. २०२१ साली त्यांनी घरोघरी पाहणी केली आणि ज्यांना फोन वापरता येत नाही त्यांना शिकविण्यास सुरुवात केली. शिकविणारे गावातलेच स्वयंसेवक आणि विद्यार्थी होते. वर्ग भरले घरी आणि कामाच्या जागीही. २०२२ साली ती पंचायत पूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली. पुढे सगळ्या राज्याने तोच मार्ग धरला. २१ लाखांहून अधिक लोकांना शिकवून ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ सरकारने राज्य डिजिटल साक्षर झाल्याची घोषणा केली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आजीबाईही त्यांत होत्या. जे तिथे झाले ते आपल्या वस्तीत का होऊ नये?

कोणी म्हणेल, ही चैनीची गोष्ट आहे, पोटाचे आधी पाहा. बंधूंनो, आज पोटाचीच वाट तिथून जाते. रेशनची ई-केवायसी, बांधकाम मजुराची नोंदणी, असंघटित कामगाराचे ई-श्रम कार्ड, २०२४ सालचे लाडकी बहीण योजनेचे अर्ज, मुलांची शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजना, सगळे याच मार्गाने आले. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२५ मध्ये ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि अंध नागरिकांच्या प्रकरणात निर्णय दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा हक्क आहे.

आणि या हक्काशी आपले नाते जुने आहे. आज आपली मुले जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात तिची सुरुवात १९४४ ची. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मिळावा म्हणून त्यांनी पाठपुरावा केला होता. त्यांनी झगडून उघडलेले दार आपल्या मुलीला केवळ एका पासवर्डमुळे बंद व्हावे, हे आम्हाला सहन होत नाही. ज्यांचा आवाज कोणी छापत नव्हते त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले. त्या काळचे साधन छापखाना होते, ते त्यांनी आपल्या हाती घेतले. आजचे साधन हे आहे. ते दुसऱ्याच्या दुकानात ठेवून कसे चालेल?

म्हणून आमचे सांगणे असे. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. विहार केवळ वंदनेपुरता नाही, ते शिकण्याचेही स्थान आहे. रविवारी वंदना झाल्यावर दोन तास तिथे वर्ग भरवा. वर्गणीतून एक जुना पण चालू संगणक, एक प्रिंटर आणि एक नेटची जोडणी घेता येते. वस्तीतील कॉलेजची मुले-मुली शिकवतील. पहिली बाके आयांना आणि मुलींना द्या.

पहिल्या महिन्यात एवढेच शिकवा. स्वतःच्या नावाचा ई-मेल काढणे. अर्जात स्वतःचा किंवा घरातला मोबाईल नंबर देणे. प्रत्येक अर्जाचे नाव, अर्ज क्रमांक आणि युजर आयडी घरच्या वहीत लिहून ठेवणे. पासवर्डही लिहावा, पण ती वही कपाटात राहावी, पिशवीत फिरू नये. जातीचा व उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांचे फोटो उजेडात, सरळ धरून काढणे. महाडीबीटीवर अर्ज भरून थांबू नये, तो कॉलेजने तपासला, पुढे गेला की परत आला, हे दर आठवड्याला पाहावे. परत आला तर मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवावा. दरवर्षी नूतनीकरण करावे. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते, तेव्हा आपले कोणते खाते जोडले आहे हे बँकेत विचारून घ्यावे.

शिकवितानाच सावधपणाही शिकवा. बँकेतून बोलतो म्हणून कोणी ओटीपी मागितला तर देऊ नये, बँक तो मागत नाही. अनोळखी माणसाने पाठविलेल्या लिंकला बोट लावू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या नंबरवर तक्रार करावी. जितक्या लवकर कराल तितका पैसा अडविता येण्याचा संभव अधिक.

घरातल्या पुरुषांनाही एक विनंती. मुलीच्या हाती फोन दिला तर ती बिघडेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. बिघडविणाऱ्या गोष्टी त्यात आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण बाबासाहेबांचे लेखन व भाषणांचे खंडही त्यातच फुकट वाचायला मिळतात. मुलीजवळ बसा, तिच्याबरोबर पाहा, तिच्याकडून शिका.

पण सगळे ओझे वस्तीनेच वाहावे असेही आम्ही म्हणत नाही. ज्याला नेट येत नाही त्याचा कागदी अर्ज घेण्याची सोय असावी, शाळा-कॉलेजांत अर्जासाठी मदतीचे टेबल असावे, अर्ज परत आल्याची सूचना वर्गातही वाचून दाखवावी, ही मागणी आपण संघटितपणे लावून धरली पाहिजे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. तिने कॉलेज सोडले नाही. यंदा तिने स्वतःचा ई-मेल काढला, स्वतःच्या हाताने अर्ज भरला आणि दर शनिवारी तो कुठवर गेला ते पाहिले. रविवारी ती विहारात बसते. आतापर्यंत वस्तीतल्या पाच मुलींचे अर्ज तिच्याजवळ बसून भरले गेले. "भरून देत नाही," ती म्हणते, "शेजारी बसते. बटण त्यांनीच दाबायचं."

आईच्या कानात अजून काही नाही. शिष्यवृत्ती जमा झाल्याचा निरोप मात्र या खेपेला आईच्याच मोबाईलवर आला आणि तो तिने स्वतः वाचला.

जय भीम!