चिठ्ठीच्या आधी फोन

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची गर्दी असते. २०१६पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा दिवस. जिचं बीपी चढलंय, हिमोग्लोबिन ७च्या खाली गेलंय, आधीचं सिझेरियन आहे किंवा पोटात जुळं आहे, तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो : अतिजोखमीची माता.

स्टिकर लावणं सोपं. त्यानंतर ती एकट्या डॉक्टरची पेशंट उरत नाही. आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर, वैद्यकीय अधिकारी, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी, रुग्णवाहिकेचा चालक... काही निसटलंच तर ते बहुधा एकाकडून दुसऱ्याकडे सोपवताना.

बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांचंच घ्या. मॅग्नेशियम सल्फेटमुळे हा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे दहा हजारांवर स्त्रियांचा समावेश असलेल्या मॅगपाय चाचणीने २००२मध्ये दाखवलं. पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यायचा आणि मग पुढे पाठवायचं. पण तो किती वाजता दिला, हे मोठ्या रुग्णालयाला कळलं नाही तर? पुन्हा पूर्ण डोस गेला, तर श्वास मंदावू शकतो. म्हणून चिठ्ठीवर वेळ हवी आणि गाडी निघण्याआधी फोन. त्याच फोनवर विचारायचं, भूलतज्ज्ञ आज आहेत का? नसतील तर गाडी सरळ जिल्हा रुग्णालयाकडे नेलेली बरी. अर्ध्या वाटेवरच्या मुक्कामात वेळ जातो, बाकी काही हाती लागत नाही.

हृदयाची झडप आकसलेल्या बाईचं दुखणं आणखी गुंतागुंतीचं. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, तो भार त्या झडपेवर येतो. हृदयरोगतज्ज्ञ औषधं नीट बसवून देतात. पण बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला वापरतात ते मिथाईल एर्गोमेट्रिन तिला टाळायचं असतं, आणि हे रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत हवं. केसपेपरच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत.

आपल्याकडची खास अडचण मात्र माहेरची. नोंदणी सासरच्या गावी, तपासण्या तिथल्याच, आणि सातवा-आठवा लागला की लेक निघाली आईकडे. लाल स्टिकरचं कार्ड पिशवीत तळाशी. बीपीचा धोका बाळंतपणानंतरही काही आठवडे राहतो. तेव्हा ३ऱ्या, ७व्या, १४व्या दिवशी घरी येणारी आशाताई माहेरची, तिला आधीचं काहीच ठाऊक नाही. सासरच्या आणि माहेरच्या आशाताईंनी एकमेकींचे नंबर आधीच घेऊन ठेवले आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो दोघींच्या मोबाइलवर असला, तर गोळी कोणती आणि किती दिवस, हे बाळंतिणीच्या आईला आठवून सांगावं लागत नाही.