पहिली अक्षत कुणाला?

दिवाळी-पाडव्याची सकाळ होती. झाशीच्या जुन्या शहरातल्या आत्याच्या घरात काका पाटावर बसले होते. तबकात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी. आत्यानं ओवाळलं, काकांनी तबकात पाकीट ठेवलं, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नगडिया वाजायला लागला. आत्यानं तबक तसंच देव्हाऱ्यापाशी ठेवलं. "चल गं, मौनिया आले. हओ, फराळ नंतर!"

दारात जाऊन बघते तर दहा-बारा माणसं. कमरेला घुंगरं, कवड्या शिवलेला पोशाख, हातात मोरपिसांचा हा जाड जुडगा. पाय थरकत होते, वाद्यं घुमत होती, पण मौनियांचे ओठ घट्ट मिटलेले. गाणारे साथीदार वेगळे. मौनियाचं व्रत असतं: सकाळपासून तो एक शब्द उच्चारत नाही, सोबत्यांबरोबर गावोगाव नाचत फिरतो आणि संध्याकाळी मौन सोडतो. व्रत एकदा धरलं की बारा वर्षं चालवायचं. यामागची गोष्ट आत्याच्या शेजारणीनं सांगितली. कृष्णाच्या गाई हरवल्या, तो यमुनेच्या काठी बोलेनासा होऊन बसला, तेव्हा गवळ्यांनीही मौन धरलं आणि गाई शोधून आणल्या. आपला पाडवा नवराबायकोचा, बळीराजाचा, नव्या वहीचा. बुंदेली पाडवा गाईचा आणि गुराख्याचा. अंगणात शेणाचा गोवर्धन घातला जातो, आणि ज्याला वर्षभर कुणी विचारत नाही तो गुराखी त्या दिवशी गावाचा मान घेतो.

एकाच गल्लीत हे दोन पाडवे बघितल्यापासून मला झाशीचा नाद लागला. आपण मराठी माणसं झाशी म्हटलं की राणी लक्ष्मीबाईपाशी थांबतो. ते बरोबरही आहे. पण ज्या मातीत ती राणी झाली, त्या बुंदेलखंडाची माणसं कशी, आपल्याहून कुठे वेगळी आणि कुठे अगदी आपलीच, हे आपण फारसं विचारत नाही.

नातं तसं जुनं. बुंदेल्यांचा राजा छत्रसाल तरुणपणी शिवाजी महाराजांना भेटून गेला होता. पुढे १७२९ मध्ये महंमदखान बंगशानं त्याला जैतपुरात कोंडलं, तेव्हा ऐंशी वर्षांच्या छत्रसालानं बाजीराव पेशव्याला हाक घातली. बाजीराव धावला, बंगश हटला, आणि छत्रसालानं बाजीरावाला मुलगा मानून राज्याचा तिसरा वाटा दिला. झाशीचा किल्ला मात्र मुळात ओरछाचा राजा वीरसिंह देव याचा, १६१३ चा. मराठ्यांचा सुभेदार नारो शंकर इथे १७४२ मध्ये आला. त्यानं किल्ला वाढवला, आसपासच्या गावांतली माणसं आणून शहर वसवलं. नाशिकला गोदेच्या काठी ज्याच्या देवळाची घंटा आपण बघतो, तोच हा नारो शंकर. त्याच्यामागून रत्नागिरीकडचे नेवाळकर आले. रघुनाथ हरी नेवाळकरांनी लक्ष्मी तलावाजवळ महालक्ष्मीचं देऊळ बांधलं. कोकणातल्या कऱ्हाड्यांची कुळस्वामिनी बेतवेच्या मुलखात नांदायला आली ती अशी. आणखी एक गोष्ट मला फार आवडते: नेवऱ्याचे गोविंदपंत खेर या भागाचा कारभार बघता बघता गोविंदपंत बुंदेले झाले. रत्नागिरीच्या ब्राह्मणाला बुंदेल्यांचं नाव लागलं आणि इतिहासात तेच राहिलं.

आता लग्नाचं बघा. आपल्याकडे पहिली अक्षत गणपतीला, मग कुलदैवताला. आत्याच्या मुलीच्या लग्नात पिवळ्या अक्षतांची पहिली वाटी देव्हाऱ्यातल्या गणपतीपुढे गेली. दुसरी वाटी आत्यानं पदराखाली घेतली आणि शेजारणीबरोबर ओरछाला निघाली, हरदौलला बोलावणं करायला. लाला हरदौल वीरसिंह देवाचा धाकटा मुलगा. थोरला भाऊ जुझारसिंह गादीवर बसला होता. त्याच्या मनात बायकोबद्दल आणि हरदौलबद्दल संशय भरला, आणि त्यानं बायकोलाच दिराला विष घालायला लावलं. वहिनीला हरदौल मुलासारखा. तिनं रडत रडत खरं सांगितलं, आणि वहिनीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून हरदौलनं ते अन्न खाल्लं. लोककथा तिथे संपत नाही. बहीण कुंजावतीच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा जुझारसिंहानं तिला हिडीसफिडीस केलं. ती हरदौलच्या समाधीवर जाऊन रडली, आणि मेलेला भाऊ भात घेऊन भाचीच्या लग्नाला आला. आजही बुंदेलखंडात गावोगाव हरदौलचा चबुतरा असतो. लग्नघरातल्या बायका तिथे जाऊन त्याला पहिलं बोलावणं करतात. पाऊस, वादळ, पंगतीत अन्न कमी पडणं, सगळं त्यानं सांभाळायचं.

भात म्हणजे तांदूळ नव्हे हं. मामानं भाचीच्या लग्नात आणलेला आहेर, कपडे, दागिने, त्याला तिकडे भात म्हणतात. आपल्या मराठी लग्नात मामा भाचीला अंतरपाटापर्यंत आणतो. मामाशिवाय लग्न दोन्हीकडे उभंच राहत नाही. फरक असा की आपला मामा घरचा माणूस, आणि बुंदेल्यांनी एका मेलेल्या राजपुत्राला सगळ्या मुलखाचा मामा करून टाकलं. ज्या बाईला भाऊ नाही तिलाही हरदौल आहे. मला यात त्या समाजाचं काळीज दिसतं.

देवाशी बोलण्याची रीतही वेगळी. आपला विठोबा माउली. त्याला मिठी मारावी, त्याच्याशी भांडावं, पायावर डोकं ठेवून रडावं. ओरछाचा राम राजा आहे, आणि हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही. राजा मधुकर शाह कृष्णभक्त, राणी गणेश कुंवरी रामभक्त. राणीनं अयोध्येहून रामाची मूर्ती आणली. जिथे पहिल्यांदा ठेवशील तिथेच राहीन, ही रामाची अट होती असं सांगतात. चतुर्भुज मंदिर अजून पुरं झालं नव्हतं, म्हणून मूर्ती राणीच्या महालात ठेवली आणि राम महालातच राहिला. तेव्हापासून तो ओरछाचा राजा. आजही पोलीस त्याला सलामी देतात, आणि प्रसादात विडा नि अत्तर मिळतं. आत्या म्हणते, "पंढरपूरला मी माहेरी जाते. इथे दरबारात जाते." सांगायचं ते या दोन वाक्यांत सगळं आलं.

लेकीबाळींचे खेळ मात्र असे सारखे की चकित व्हावं. खानदेश-विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाई बसते, मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. बुंदेलखंडात त्याच सुमाराला, पितृपक्षात, मुली मामुलिया खेळतात. बोरीची किंवा बाभळीची काटेरी फांदी आणायची आणि एकेका काट्याच्या टोकाला एकेक फूल टोचायचं. मी हे जवळून पाहिलंय. सात-आठ वर्षांची पोर जीभ दाताखाली धरून तेरड्याचं फूल काट्यावर बसवत होती, बोटाला रक्त आलं तरी सोडेना. फांदी फुलांनी भरली की काटे दिसेनासे होतात. मग गाणी म्हणत ती घरोघर मिरवायची आणि तळ्यात सोडायची. सासर-माहेर, भाऊ, नणंद, तेच विषय तिथेही. आपल्या भोंडल्यात मुली पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात, आणि त्याच नवरात्रात तिकडे नौरता रंगतो, अंगणभर रंगीत चौक रेखले जातात. आपल्या घटाला धान्य रुजवतात, तसे तिकडे श्रावणात गव्हाचे अंकुर रुजवून राखीच्या सुमाराला भुजरिया म्हणून एकमेकांच्या हातात देतात. कुणी कुणाकडून घेतलं हे शोधण्यात मला तरी रस वाटत नाही.

बायकांच्या वावराचं पारडं कधी इकडे, कधी तिकडे. मराठी बायका हळदीकुंकवाला जमून उखाण्यात नवऱ्याचं नाव घेत. बुंदेली घरात नवऱ्याचं नाव ओठांवर आणणंही निषिद्ध, चेहऱ्यावर घुंघट. वृंदावनलाल वर्मांनी १९४६ च्या आपल्या कादंबरीत राणीच्या वाड्यातलं हळदीकुंकू रंगवलं आहे. वर्मा याच जिल्ह्यातले, मऊरानीपूरचे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ मध्ये झाशीत अडकले होते. त्यांनीही चैत्रातल्या त्या समारंभाचं वर्णन केलं आहे. इंग्रज सेनापती ह्यू रोजची फौज मार्चच्या विशीनंतर तटाबाहेर येऊन भिडली, म्हणजे चैत्र चालूच होता. पण तीच राणी १८५४ मध्ये जॉन लँग या वकिलाशी पडद्याआडून बोलली. लँगनं लिहून ठेवलंय की राणीच्या दत्तक मुलानं, छोट्या दामोदरनं, पडदा ओढला आणि त्याला राणीचं ओझरतं दर्शन झालं. दख्खनच्या घराण्यातली सून उत्तरेचा रिवाज पाळत होती, आणि उत्तरेच्या बायकांना दख्खनचं हळदीकुंकू लावत होती.

भाषेतही अशीच सरमिसळ. बुंदेली 'हओ' आणि आपलं 'हो' जवळचे वाटतात. बुंदेली माणूस 'काय' म्हणतो तेव्हा त्याला 'का' विचारायचं असतं. आत्याचं मराठी ऐकताना पुण्याची माणसं हसतात, कारण ती "पोरं ओरडून राहिलीत" म्हणते आणि मुलाला मोडा, मुलीला मोडी. ते हसणं मला खुपतं. अडीचशेहून अधिक वर्षं घरात टिकवलेली भाषा आहे ती.

आणि राणी आपल्यापर्यंत पोचली कुणामुळे? १८५८ च्या लुटीत वाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली. दत्तक मुलगा दामोदर इंदुरात वाढला. द. ब. पारसनिसांचं मराठी चरित्र आलं १८९४ साली. तोवर ही कहाणी जपली ती बुंदेली हरबोल्यांनी, दारोदार गाणाऱ्या गरीब गायकांनी. सुभद्राकुमारी चौहानांनी आपल्या कवितेत त्यांचंच ऋण मान्य केलं आहे. भोजला गावच्या कोरी समाजातली झलकारीबाई राणीचा वेश घेऊन लढली, तिची आठवणही तिच्या लोकांनीच धरून ठेवली. राज्य मराठ्यांचं होतं, लोक बुंदेली होते. राज्य गेल्यावर लोकांनी तोंड फिरवलं असतं तर नवल नव्हतं. त्यांनी राणीला 'बाईसाहेब' म्हणत आपल्या गाण्यात घेतलं.

आत्याबरोबर मी ओरछाला गेले होते. फूलबागेजवळ हरदौलची बैठक आहे. आत्यानं वाटीतल्या अक्षता ठेवल्या, शेजारणीनं बुंदेलीत बोलावणं गायलं, आत्यानं मराठीत हळूच सांगितलं, "मामा, पोरीचं लग्न आहे, लवकर या." परत निघताना मी विचारलं, त्याला मराठी कळतं का गं? आत्या पदर सावरत म्हणाली, "भाचीचं लग्न कळतं ना त्याला."

लग्नाच्या दिवशी मांडवात मामाच्या पाटाशेजारी आणखी एक पाट मांडलेला होता. त्यावर विडा ठेवला होता. पंगत उठेपर्यंत तो कुणी हलवला नाही.