विश्लेषण : लष्करशहांना गावपातळीवरची लोकशाही का आवडते? पाकिस्तानच्या तीन प्रयोगांनी काय दिले, काय बिघडवले?

पाकिस्तानात लष्कराने सत्ता हाती घेतली की संसद बरखास्त होते, राजकीय पक्षांवर निर्बंध येतात आणि थोड्याच काळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची घोषणा होते. अयूब खान, झिया उल हक आणि परवेझ मुशर्रफ या तिघांच्याही काळात हेच घडले. याउलट लोकनियुक्त सरकारे आली की याच संस्था मोडीत निघाल्या किंवा वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. देशाची लोकशाही गुंडाळणारे लष्कर गावाला लोकशाही का देते, त्यातून सामान्य माणसाच्या पदरात काय पडते आणि लष्करशहा गेल्यावर ती टिकत का नाही, याचा हा आढावा.

अयूब खान यांची ‘मूलभूत लोकशाही’ काय होती?

ऑक्टोबर १९५८ मध्ये सत्तेवर आलेल्या अयूब खान यांनी बरोबर वर्षभराने ‘बेसिक डेमोक्रसीज’ म्हणजे मूलभूत लोकशाहीची योजना लागू केली. पूर्व पाकिस्तान (आजचा बांगलादेश) आणि पश्चिम पाकिस्तान मिळून ८० हजार स्थानिक प्रतिनिधी निवडले गेले. सर्वात खाली युनियन कौन्सिल, तिच्या वर तहसील किंवा ठाणे, मग जिल्हा आणि विभाग अशी उतरंड होती. तळाच्या पातळीवर लोकांनी निवडलेले सदस्य होते. वरच्या परिषदांवर मात्र सरकारी अधिकारी बसले. जिल्हा परिषदेची सूत्रे जिल्ह्याच्या उपायुक्ताकडे होती. हे पद ढोबळमानाने आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्यासारखे.

यातली खरी मेख पुढे होती. फेब्रुवारी १९६० मध्ये याच ८० हजार प्रतिनिधींनी अयूब यांच्यावर ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी विश्वास दाखवला. १९६२ च्या राज्यघटनेने तर राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा अधिकारच सामान्य मतदारांऐवजी या प्रतिनिधींना दिला. जानेवारी १९६५ च्या निवडणुकीत महंमद अली जिना यांच्या भगिनी फातिमा जिना अयूब यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. कराची आणि ढाक्यात त्यांनी आघाडी घेतली, पण सुमारे ६३ टक्के मते मिळवून अयूब विजयी झाले. रस्ता, कालवा, अनुदान यांसाठी सरकारवर अवलंबून असलेल्या ८० हजार लोकांना वळवणे कोट्यवधी मतदारांना वळवण्यापेक्षा कितीतरी सोपे होते.

तरीही या व्यवस्थेने काहीच दिले नाही असे म्हणता येत नाही. पूर्व पाकिस्तानात कोमिल्ला येथे अख्तर हमीद खान यांच्या पुढाकाराने ग्रामविकासाचे जे प्रयोग झाले, त्यातून ग्रामीण बांधकाम कार्यक्रम उभा राहिला. युनियन कौन्सिलांमार्फत कच्चे रस्ते, पूल, कालव्यांची कामे झाली आणि ग्रामीण मजुरांना रोजगार मिळाला. पण मार्च १९६९ मध्ये अयूब पायउतार झाले आणि त्यांच्याबरोबर ही व्यवस्थाही गेली.

झिया यांनी त्यात काय बदलले?

जुलै १९७७ मध्ये सत्ता घेतलेल्या झिया उल हक यांनी १९७९ मध्ये चारही प्रांतांत स्थानिक शासनाचे अध्यादेश काढले. या वेळी परिषदांचे अध्यक्ष निवडून आलेले होते, ही अयूब यांच्या तुलनेत सुधारणा. १९७९, १९८३ आणि १९८७ अशा तीन वेळा ठरल्याप्रमाणे निवडणुकाही झाल्या. अट एकच होती, निवडणुका पक्षविरहित हव्यात.

१९७९ च्या निवडणुकीत मात्र झुल्फिकार अली भुट्टो यांच्या पीपल्स पार्टीचे कार्यकर्ते ‘अवाम दोस्त’ या नावाने उतरले आणि अनेक ठिकाणी जिंकले. भुट्टोंना त्याच वर्षी एप्रिलमध्ये फाशी देण्यात आली होती. नोव्हेंबरमध्ये सार्वत्रिक निवडणूक घेण्याचे झिया यांनी जाहीर केले होते, ती स्थानिक निकालांनंतर पुढे ढकलली गेली. अखेर १९८५ मध्ये ती झाली, तीही पक्षांविना. तोवर ‘पक्ष’ या गोष्टीची जागा जात, बिरादरी आणि स्थानिक कंत्राटे यांनी घेतली होती. स्थानिक परिषदा हीच राजकारणाची नवी शिडी बनली.

मुशर्रफ यांची योजना सर्वात महत्त्वाकांक्षी का मानली जाते?

ऑक्टोबर १९९९ मध्ये सत्तेवर आलेल्या मुशर्रफ यांनी ‘नॅशनल रिकन्स्ट्रक्शन ब्युरो’ ही संस्था स्थापन केली. निवृत्त लेफ्टनंट जनरल तन्वीर नक्वी तिचे प्रमुख होते. १४ ऑगस्ट २००० रोजी सत्ता विकेंद्रीकरणाची योजना जाहीर झाली, डिसेंबर २००० ते ऑगस्ट २००१ दरम्यान टप्प्याटप्प्याने निवडणुका झाल्या आणि १४ ऑगस्ट २००१ पासून नवी व्यवस्था सुरू झाली.

रचना तीन पातळ्यांची होती : युनियन, तहसील (मोठ्या शहरांत टाऊन) आणि जिल्हा. प्रत्येक पातळीवर ‘नाझिम’ हा निर्वाचित प्रमुख. सर्वात मोठा बदल जिल्ह्यात झाला. ब्रिटिश काळापासून चालत आलेले उपायुक्त आणि विभागीय आयुक्त ही पदे रद्द झाली. त्यांच्या जागी आलेला जिल्हा समन्वय अधिकारी निर्वाचित जिल्हा नाझिमाच्या हाताखाली ठेवला गेला. शिक्षण, आरोग्य, शेती, बांधकाम असे विभाग जिल्ह्याकडे सोपवले गेले. कलेक्टर कचेरीसमोर उभे राहण्याची सवय असलेल्या समाजात अधिकारी लोकप्रतिनिधीला उत्तरदायी झाला, ही किरकोळ गोष्ट नव्हती.

या व्यवस्थेची बलस्थाने कोणती?

पहिले, महिलांना ३३ टक्के राखीव जागा. २१ सदस्यांच्या युनियन कौन्सिलमध्ये किमान सहा महिला असत. त्यातून हजारो महिला पहिल्यांदाच सार्वजनिक पदावर आल्या. वायव्य सरहद्द प्रांतात (आजचे खैबर पख्तुनख्वा) दीरसारख्या भागांत स्थानिक पुढाऱ्यांनी आपसांत ठरवून महिलांना निवडणुकीपासून दूर ठेवले आणि तिथल्या जागा रिकाम्या राहिल्या. पण अन्यत्र या आरक्षणाने पुढच्या राजकारणासाठी एक पिढी तयार केली.

दुसरे, शेतकरी-कामगारांसाठी आणि अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा, तसेच या निवडणुकांसाठी मतदाराचे वय २१ वरून १८ वर आले.

तिसरे, पैशाचे सूत्र. प्रांतीय वित्त आयोगांमार्फत जिल्ह्यांना किती निधी मिळणार हे ठरू लागले. त्याआधी निधी हा मुख्यमंत्री आणि आमदारांच्या मर्जीचा विषय होता.

चौथे, शहर आणि ग्रामीण भाग एकाच जिल्हा शासनात आले. कराचीसारख्या महानगराला एकच शहर नाझिम मिळाला. २००१ मध्ये जमात-ए-इस्लामीचे नियामतुल्ला खान आणि २००५ नंतर एमक्यूएमचे मुस्तफा कमाल यांच्या काळात रस्ते आणि उड्डाणपुलांची मोठी कामे झाली. परस्परविरोधी पक्षांच्या या दोघांच्याही कारकिर्दीची आठवण कराचीकर आजही काढतात. शहराचा कारभार कुणाला विचारायचा, याचे उत्तर तेव्हा एका नावात देता येत होते.

मग उणिवा कुठे होत्या?

सर्वात मोठी उणीव अशी की विकेंद्रीकरण अर्धेच झाले. केंद्राने स्वतःचे कोणतेही मोठे अधिकार प्रांतांना दिले नाहीत. जिल्ह्यांना जे मिळाले ते प्रांतांकडून काढून. स्थानिक शासन हा राज्यघटनेनुसार प्रांतांचा विषय. तरी चारही प्रांतांचे अध्यादेश इस्लामाबादमध्ये लिहिले गेले आणि ते जवळपास एकसारखे होते. प्रांतांना वळसा घालून केंद्र आणि जिल्हा यांची थेट जोडणी झाली. सिंध आणि बलुचिस्तानात प्रांतिक स्वायत्ततेची मागणी जुनी असल्याने तिथे या योजनेकडे संशयाने पाहिले गेले.

दुसरी उणीव, जबाबदारी जिल्ह्याची पण माणसे प्रांताची. शिक्षक, डॉक्टर, अभियंते यांच्या सेवा-शर्ती, बढत्या आणि अनेकदा बदल्याही प्रांतीय सरकारच्याच हाती राहिल्या. जिल्ह्याचा बहुतांश पैसा प्रांताकडून येई आणि त्यातला मोठा भाग पगारावर संपे. नाझिमाकडे शाळा आल्या, पण गैरहजर शिक्षकावर कारवाई करण्याचे पूर्ण बळ आले नाही.

तिसरी, निवडणुकीची पद्धत. युनियन नाझिम थेट निवडून येत, पण जिल्हा नाझिम निवडत ते युनियनचे सदस्य. मतदारसंख्या मोजकी असल्याने घोडेबाजाराला आणि जमीनदार घराण्यांना वाव मिळाला. अनेक जिल्ह्यांत नाझिमाच्या खुर्चीवर जुनीच घराणी बसली. पक्षविरहित निवडणूक हे नावापुरते राहिले. पक्ष पडद्याआड होतेच, फक्त त्यांना जाब विचारण्याची सोय उरली नाही.

चौथी, लोकसहभागाचे कागदी घोडे. विकास निधीतील २५ टक्के रक्कम नागरिकांच्या मंडळांमार्फत खर्च करण्याची तरतूद होती. कल्पना चांगली होती, पण आपला हिस्सा भरणे, नोंदणी, प्रस्ताव यांच्या अटींमुळे अनेक ठिकाणी हा निधी पडून राहिला.

आणि पाचवी उणीव फारशी बोलली गेली नाही. लष्करी छावण्यांचे भाग, म्हणजे कॅन्टोन्मेंट, या योजनेच्या बाहेर ठेवले गेले. कराचीत अशी अनेक कॅन्टोन्मेंट आहेत. शहर नाझिमाला संपूर्ण शहराचा कारभारी म्हटले जाई, पण त्याचा अधिकार छावणीच्या हद्दीपाशी थांबत असे.

लष्कराला यातून काय मिळाले?

थोडक्यात, वेळ आणि वैधता. राष्ट्रीय पातळीवर मतदारांना सामोरे न जाता ‘आम्ही लोकांना सत्ता देत आहोत’ असे सांगता येते. ३० एप्रिल २००२ रोजी मुशर्रफ यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी सार्वमत घेतले तेव्हा नवे नाझिम प्रचाराला जुंपले गेले. अधिकृत निकाल ९७ टक्क्यांहून अधिक ‘होय’ असा लागला. १९६० ची ती पुनरावृत्तीच होती.

दुसरा लाभ अधिक खोल आहे. लष्कराला खरे आव्हान मिळते ते राष्ट्रीय आणि प्रांतीय पक्षांकडून. गटार, रस्ता, शाळा यांसाठी लोक आमदार-खासदारांऐवजी नाझिमाकडे जाऊ लागले की पक्षांची पकड सैल होते. याच कारणाने तिन्ही वेळा स्थानिक निवडणूक आधी आणि संसदेची नंतर झाली. अपवाद याह्या खान यांचा. त्यांनी स्थानिक प्रयोगाच्या फंदात न पडता डिसेंबर १९७० मध्ये थेट सार्वत्रिक निवडणूक घेतली. अवामी लीगने जिंकलेला तो निकाल लष्कराने मानला नाही आणि वर्षभरात देश तुटला.

मुशर्रफ गेल्यावर काय झाले?

प्रांतीय सरकारे परतल्यावर, २००२ नंतरच, ओढाताण सुरू झाली होती. २००५ मध्ये युनियन कौन्सिलचे सदस्य २१ वरून १३ करण्यात आले आणि नाझिमांवर मुख्यमंत्र्यांची पकड वाढली. तरी घटनेच्या सतराव्या दुरुस्तीमुळे राष्ट्राध्यक्षांच्या संमतीशिवाय हे कायदे बदलता येत नव्हते. ते संरक्षण २००९ अखेर संपले. त्यानंतर प्रांतांनी नाझिमांची मुदत संपू दिली, प्रशासक नेमले आणि पुढील काही वर्षांत उपायुक्त परतले.

२०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने प्रांतांना मोठे अधिकार मिळाले. त्यांनी ते खाली मात्र दिले नाहीत. बलुचिस्तानात डिसेंबर २०१३ मध्ये, खैबर पख्तुनख्वात मे २०१५ मध्ये आणि पंजाब-सिंधमध्ये २०१५ च्या अखेरीस, तेही न्यायालयाच्या रेट्यामुळे, निवडणुका झाल्या. पंजाबातील संस्था मे २०१९ मध्ये इम्रान खान यांच्या पक्षाच्या सरकारने मुदतीआधीच बरखास्त केल्या. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती बेकायदा ठरवली, तोवर मुदतीतली दोन वर्षे वाया गेली होती.

बांगलादेशात वेगळे काय घडले?

१९८२ मध्ये सत्ता घेतलेल्या जनरल इर्शाद यांनी ठाण्यांचे ‘उपजिल्हे’ केले आणि १९८५ मध्ये उपजिल्हा अध्यक्षांच्या निवडणुका घेतल्या. हेतू अयूब यांच्यापेक्षा वेगळा नव्हता. इर्शाद गेल्यावर १९९१ मध्ये खालिदा झिया यांच्या सरकारने उपजिल्हा परिषदा रद्दही केल्या. पण १९९८ मध्ये शेख हसीना यांच्या सरकारने नवा कायदा करून त्या परत आणल्या आणि २००९ मध्ये पुन्हा निवडणुका झाल्या. लष्करशहाने सुरू केलेली संस्था टिकण्यासाठी एखाद्या निर्वाचित संसदेने ती आपली मानावी लागते, हा त्याचा अर्थ.

भारतासाठी यात काही धडा आहे का?

भारतात ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती संसदेने केली आणि ती १९९३ पासून लागू आहे. पाच वर्षांची मुदत, बरखास्तीनंतर सहा महिन्यांत निवडणूक, राज्य निवडणूक आयोग, वित्त आयोग हे सारे घटनेतच आहे. पाकिस्तानच्या घटनेतील कलम १४०-अ प्रांतांना स्थानिक शासन स्थापन करायला सांगते, पण मुदतीची अशी हमी देत नाही.

अर्थात हमी असली तरी निवडणूक वेळेवर होतेच असे नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर मुंबई महापालिकेचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाकडे होता, हे महाराष्ट्राच्या वाचकाला सांगायला नको. आमदाराला नगरसेवक आणि मुख्यमंत्र्याला सक्षम महापौर नको असतो, ही ओढ सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे.

पाकिस्तानातील विरोधाभास यातूनच उलगडतो. लष्कराने खालच्या पातळीला ताकद दिली, कारण त्याला मधली पातळी कमकुवत करायची होती. लोकनियुक्त सरकारांनी ती काढून घेतली, कारण त्यांना मधली पातळी स्वतःकडे ठेवायची होती. गल्लीतल्या नळाला पाणी का नाही हे विचारायला जिथे नाझिम होता, तिथल्या नागरिकाला दोन्ही वेळा कुणी विचारले नाही.