नव्या संगणकावरील ध्वनिमुद्रण व विलंबाचा प्रश्न

संगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी जुना संगणक बाजूस सारून नवा, अधिक वेगवान संगणक आणला असता पुष्कळदा एक चमत्कारिक अनुभव येतो. गायकाने लावलेला स्वर हेडफोनमधून त्याला किंचित उशिरा ऐकू येतो. आधी मुद्रित केलेल्या तबल्यावर गावे, तर सम हुकल्यासारखी वाटते. जुन्या यंत्रावर हा दोष नव्हता. म्हणून नवे यंत्रच सदोष किंवा त्याचा प्रोसेसर दुबळा, असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. विलंबाचा संबंध यंत्राच्या वेगाशी जितका आहे, त्याहून अधिक त्याच्या वक्तशीरपणाशी आहे. आणि विक्रेत्याच्या पत्रकात वेग छापलेला असतो, वक्तशीरपणा नसतो.

विलंब मुळात उत्पन्न कोठून होतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणक ध्वनीचे नमुने एकेक करून हाताळीत नाही. ते काही संख्येने बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमू देतो आणि मग सबंध साठा एकदम उचलतो. सेकंदाला ४८,००० नमुने हा दर आणि २५६ नमुन्यांचा बफर धरला, तर साठा भरण्यास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक व बाहेर जाताना एक असे दोन साठे ओलांडावे लागत असल्यामुळे जाऊन-येऊन १०.७ मिलिसेकंद होतात. ड्रायव्हरने सावधगिरीने राखलेला जादा साठा आणि परिवर्तकांचा वेळ ह्यांची भर त्यात पडते ती निराळीच. बफर १०२४ नमुन्यांचा असेल, तर केवळ दोन साठ्यांचेच जवळजवळ ४३ मिलिसेकंद होतात.

ह्यांपैकी किती विलंब सह्य मानावा? हवेत ध्वनी १० मिलिसेकंदांत सुमारे साडेतीन मीटर जातो. तितक्या अंतरावरच्या साथीदाराबरोबर वादक सहज वाजवितो. तेव्हा वादकाला हा विलंब फारसा जाचू नये. गायकाची गोष्ट वेगळी आहे. स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून विनाविलंब ऐकू येत असतो आणि हेडफोनमधील उशिराचा आवाज त्यात मिसळतो. दोहोंची तीव्रता सारखी असल्यास एका मिलिसेकंदाच्या विलंबानेही ५०० हर्ट्‌झजवळचे स्वरांश परस्परांस मारक ठरतात व आवाज पोकळ भासतो. विलंब खूप वाढला तर वाणीच अडखळू लागते, हे बी. एस. ली ह्यांनी १९५० सालीच दाखवून दिले होते.

विंडोज-प्रणालीच्या नव्या यंत्रावर पहिला संशय घ्यावयाचा तो ध्वनीच्या मार्गाविषयी. तेथे १९९१ पासूनची एम.एम.ई., २००७ साली व्हिस्टाबरोबर आलेली वासापी आणि स्टाइनबर्ग कंपनीने निर्माण केलेली आसिओ अशा अनेक पद्धती एकत्र नांदतात. पहिलीत ध्वनी प्रणालीच्या सामाईक मिश्रकातून जातो, आसिओत तो वगळला जातो. साहजिकच विलंबात मोठी तफावत पडते. जुन्या यंत्रावर कोणीतरी कधीकाळी केलेली निवड नव्या यंत्रावर आपोआप येत नाही. आणखी एक फसगत आहे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये यू.एस.बी. ध्वनी-उपकरणांसाठी अधिक व्यापक असा सर्वसाधारण ड्रायव्हर अंतर्भूत झाला. त्यामुळे उपकरण जोडताच आवाज येऊ लागतो आणि निर्मात्याचा स्वतःचा ड्रायव्हर बसवावयाचा राहिला, हे ध्यानातही येत नाही. मॅकवर कोअर ऑडिओ हीच एक सामाईक व्यवस्था असल्यामुळे असा घोटाळा सहसा होत नाही.

मार्ग योग्य असूनही बफर लहान करताच आवाज तडतडतो, ही तक्रार मात्र खऱ्या अर्थाने यंत्राची. ५.३ मिलिसेकंदांच्या मुदतीत पुढचा साठा तयार झालाच पाहिजे. सरासरीने वेळेवर येणाऱ्या नवरदेवाचा मुहूर्त एकदा टळला तरी टळतोच, तसा हा प्रकार आहे. प्रोसेसरवरील भार सरासरीने २० टक्के दिसत असतानाही एखादा ड्रायव्हर, विशेषेकरून वाय-फायचा, मध्येच काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरतो. वीज वाचविण्यासाठी प्रोसेसर वारंवार निद्रिस्त व मंद होतो, त्यामुळेही मुदत हुकते. नव्या लॅपटॉपांत ही काटकसर फारच उत्साहाने केलेली असते. लेटन्सीमॉनसारखे साधन अपराधी ड्रायव्हरचे नाव सांगते. तो ड्रायव्हर मुद्रणापुरता बंद ठेवून व वीजबचत थांबवून पाहावे. प्रोसेसर बदलण्याचा विचार त्यानंतरचा.

अनुमानापेक्षा मापन बरे. उपकरणाच्या निर्गमातून आगमात एक तार जोडावी, मुद्रित टिचकी वाजवून ती दुसऱ्या पट्टीवर पुन्हा मुद्रित करावी आणि दोहोंतील नमुने मोजावेत. येथे एक खोच आहे. ड्रायव्हरने कळविलेला विलंब वजा करूनच सॉफ्टवेअर मुद्रण जागेवर बसविते. म्हणून १४४ नमुन्यांचे अंतर दिसले, तर ते ३ मिलिसेकंद म्हणजे एकूण विलंब नव्हे, न कळविलेला शिल्लक भाग होय. एकूण विलंबासाठी कळविलेला आकडा त्यात मिळवावा लागतो.

पुढील ध्वनी आधीच पाहून काम करणारे लिमिटरसारखे प्लगिन स्वतःचा विलंब घालतात. ते मुद्रणाच्या वेळी काढून टाकावेत. ब्लूटूथ हेडफोन तर वापरूच नयेत. त्यांचा विलंब शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे जाऊ शकतो आणि बफर कितीही लहान केला तरी तो घटत नाही. गायकासाठी उपकरणातूनच थेट श्रवणाची सोय असेल तर ती वापरावी व सॉफ्टवेअरमधील त्याचा आवाज बंद करावा, अन्यथा दोन आवाज ऐकू येतात. थेट श्रवणात सॉफ्टवेअरमधील कृत्रिम गुंजन मिळत नाही. ज्यांना त्यावाचून गाता येत नाही, त्यांनी केवळ गुंजनाचाच भाग सॉफ्टवेअरमधून घ्यावा. तो काही मिलिसेकंद उशिरा आला तरी कानास खटकत नाही.