टोकनांचा हिशेब

तार करावयाची असली म्हणजे मजकूर दोनदां लिहिण्याची चाल होती. पहिल्यानें मनांत येईल तसा, आणि मग एकेक शब्द गाळून. 'मी उद्यां सकाळच्या गाडीनें येथून निघत आहें' याचें 'उद्यां निघतों' होत असे. कारण तारेचा आकार शब्दांवर होता. हिंदुस्थानांतील तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यांत बंद झाली, आणि शब्द मोजून लिहिण्याची ती काटकसरही तिच्याबरोबर घराघरांतून गेली. आज ती एका निराळ्याच वाटेनें परत आली आहे. या वेळीं मोजणारा तारमास्तर नसून यंत्र आहे, आणि मोजमापाचें एकक शब्द नसून टोकन आहे.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या कामीं मदत करणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें गेल्या कांहीं वर्षांत प्रचारांत आलीं. गिटहब कंपनीचें कोपायलट २०२१ च्या जूनमध्यें प्रथम परीक्षणासाठीं बाहेर आलें. अँथ्रॉपिक कंपनीचें क्लॉड कोड २०२५ च्या फेब्रुवारींत. आरंभींचें यंत्र अर्धी ओळ पुरी करून देई. नंतरचें यंत्र स्वतःच फाइली उघडतें, वाचतें, दुरुस्त करतें, चांचणी घेऊन पाहतें, आणि चुकलें तर पुन्हां खटपटीस लागतें. पुण्यामुंबईकडील पुष्कळ घरांतील मुलगा, सून किंवा जांवई आज अशा यंत्राशीं बोलत काम करीत असतो. नोकरदार असेल तर बिल कंपनी भरते. परंतु जो स्वतंत्रपणें कंत्राटी कामें घेतो, त्याला गिऱ्हाइकाला किंमत आधीं सांगावी लागते आणि यंत्राचा खर्च मात्र मागाहून कळतो. या दोहोंमधील अंतर त्याच्याच खिशांतून जातें. म्हणून हा हिशेब कसा वाढतो व कसा राखावा, हें समजून घेण्यासारखें आहे.

टोकन म्हणजे शब्द नव्हे आणि अक्षरही नव्हे. वारंवार एकत्र येणाऱ्या अक्षरांचे गट आधीं ठरवून ठेवलेले असतात, आणि पुढें येणारा प्रत्येक मजकूर त्या गटांत तोडला जातो. असा एक तुकडा म्हणजे एक टोकन. नित्याचा इंग्रजी शब्द बहुधा एका टोकनांत मावतो. विरळ शब्दाचे तीन-चार तुकडे होतात. ज्या भाषेचा मजकूर हे गट ठरवितांना कमी असेल, तिचे तुकडे बारीक पडतात. ओपनएआय कंपनीनें २०२४ च्या मे महिन्यांत जीपीटी-४ओ बाहेर काढलें तेव्हां याचा एक बोलका नमुना दिला होता. एकाच छोट्या मजकुराला जुन्या पद्धतीनें इंग्रजींत २७ टोकनें लागत आणि मराठींत ९६. नव्या पद्धतीनें इंग्रजींत २४ आणि मराठींत ३३. म्हणजे तोंपर्यंत मराठींत विचारणाऱ्याला तीच गोष्ट इंग्रजीच्या साडेतीनपट महाग पडत होती. ही तफावत मिटली नाहीं, पण पुष्कळच उतरली. प्रोग्रॅमच्या कामांत बहुतेक मजकूर इंग्रजी वळणाचाच असल्यामुळें तिची झळ तेथें तितकी लागत नाहीं.

खरी झळ लागते ती दुसरीकडून. या यंत्राला मागचें आठवत नाहीं. समोरून पाहणाऱ्याला तें संभाषण चालवीत आहे असें वाटतें. पण प्रत्येक फेरींत आरंभापासूनचा सगळा मजकूर त्याच्यापुढें नव्यानें ठेवला जातो, आणि तो सगळा वाचून मग तें पुढचें वाक्य लिहितें. अशा एका वकिलाची कल्पना करावी, कीं ज्याला प्रत्येक प्रश्नाच्या वेळीं खटल्याचें दप्तर पहिल्या पानापासून वाचावें लागतें आणि जो पानागणिक फी घेतो. दप्तर रोज जाड होत जातें, आणि प्रश्न मात्र एका ओळीचाच असतो. शिवाय फेऱ्या माणसाच्या प्रश्नांइतक्याच असतात असें नाहीं. 'ही चूक शोध' एवढें सांगितलें कीं यंत्र एक फाइल उघडतें ही एक फेरी, तिच्यांत कांहीं नाहीं म्हणून दुसरी उघडतें ही दुसरी. एका प्रश्नापोटीं वीस फेऱ्या सहज होतात.

आंकडे घेऊन पाहिलें म्हणजे हें स्पष्ट होईल. एका बैठकीच्या आरंभीं सूचना वगैरे मिळून २०,००० टोकनांचा मजकूर आहे, प्रत्येक फेरींत त्यांत २,००० टोकनांची भर पडते, आणि एकूण ५० फेऱ्या होतात, असें धरावें. भर पडणाऱ्या दोन हजारांपैकीं ४०० टोकनें यंत्रानें लिहिलेलीं व बाकीचीं फाइलींतून आलेलीं. पहिल्या फेरींत यंत्र २०,००० टोकनें वाचील, दुसरींत २२,०००, आणि पन्नासाव्या फेरींत १,१८,०००. ही शाळेंतली श्रेढी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावतीं'त तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या व शेवटच्या पदांची सरासरी ६९,०००. तिला पन्नासांनीं गुणिलें म्हणजे वाचन झालें ३४,५०,००० टोकनांचें. लेखन मात्र अवघें २०,००० टोकनांचें. पडद्यावर माणसाला दिसतें तें हें लेखन. पैसे जातात ते न दिसणाऱ्या वाचनावर.

२०२५ च्या मे महिन्यांत आलेल्या क्लॉड सॉनेट ४ या यंत्राचा त्या वेळचा भाव दहा लाख टोकनें वाचण्यास ३ डॉलर आणि तितकींच लिहिण्यास १५ डॉलर असा होता. त्या भावानें वरील बैठकीचें वाचन १० डॉलर ३५ सेंट आणि लेखन ३० सेंट. दर पाहिला तर लेखन पांचपट महाग. बिल पाहिलें तर वाचनापुढें तें कांहींच नाहीं. केवळ दरपत्रक वाचून अंदाज बांधणारा हमखास फसतो तो येथें.

यावर कंपन्यांनीं एक तोड काढली आहे. एकदां वाचलेला मजकूर थोडा वेळ राखून ठेवावयाचा आणि पुढील फेरींत तेवढ्या भागाला सवलतीचा भाव लावावयाचा. या सांठ्याला इंग्रजींत कॅश म्हणतात. उच्चार रोकडीचा, पण स्पेलिंग आणि अर्थ निराळा. वर सांगितलेल्या यंत्राच्या दरपत्रकांत प्रथम सांठवितांना वाचनाचा सव्वापट भाव होता, आणि पुढें प्रत्येक वेळीं त्या सांठ्यांतून वाचतांना एक-दशांश. आतां तीच बैठक पुन्हां मांडावी. १,१८,००० टोकनें प्रत्येकीं एकदां सांठविलीं, त्याचे ४४ सेंट. उरलेलें ३३,३२,००० टोकनांचें वाचन सांठ्यांतून झालें, त्याचा एक डॉलर. लेखनाचे पूर्वींचेच ३० सेंट. एकूण १ डॉलर ७४ सेंट. पावणेअकरा डॉलरच्या आंतबाहेरचें बिल पावणेदोनांवर आलें.

मात्र या सांठ्याला मुदत असते. साधारण मुदत पांच मिनिटांची. प्रत्येक वापराबरोबर ती पुन्हां नव्यानें सुरू होते. माणूस मध्येंच चहाला उठला, गप्पांत वीस मिनिटें गेलीं, कीं सांठा सुटतो आणि पुढच्या फेरींत सगळें दप्तर सव्वापट भावानें पुन्हां सांठवावें लागतें. बैठकीच्या अखेरीस असें झालें तर त्या एका फेरीचें जें वाचन साडेतीन सेंटांत झालें असतें, त्याला ४४ सेंट पडतात. जास्त भाव देऊन तासाभराची मुदत घेण्याची सोय आहे. पण ती कोणाला परवडेल हें त्याच्या काम करण्याच्या रीतीवर आहे, आणि ती रीत त्याला स्वतःच्या नोंदींवांचून कळावयाची नाहीं.

म्हणून वहींत 'टोकनें इतकीं' असा एकच आंकडा लिहिण्यांत अर्थ नाहीं. नवें वाचन, सांठवण, सांठ्यांतून वाचन आणि लेखन, असे चार रकाने पाहिजेत, कारण चौघांचे भाव चार आहेत. यंत्र उत्तर देण्यापूर्वीं स्वतःशीं जो विचार करतें तो लेखनाच्या रकान्यांत मोजला जातो. यंत्राचें नांवही लिहावें. एकाच कंपनीच्या थोर व धाकट्या यंत्रांच्या भावांत पुष्कळ अंतर असतें.

हे आंकडे शोधण्यास लांब जावें लागत नाहीं. क्लॉड कोड प्रत्येक बैठकीची नोंद वापरणाऱ्याच्याच संगणकावर ओळीओळीनें लिहून ठेवतें, आणि यंत्राच्या उत्तराच्या ओळींत हे चारही आंकडे असतात. त्या फाइली वाचून रोजचा, महिन्याचा आणि बैठकवार गोषवारा काढून देणारें सीसीयूसेज नांवाचें एक फुकट साधन आहे. ज्याला स्वतः बेरीज करावयाची हौस आहे, त्यानें एक खोंच ध्यानांत ठेवावी. एकच उत्तर पुष्कळदां दोन-तीन ओळींत विभागून लिहिलेलें असतें, आणि तेच आंकडे त्या प्रत्येक ओळीवर उमटतात. प्रत्येक उत्तराला ओळखक्रमांक असतो. तो पाहून पुनरुक्ति वगळली नाहीं तर खर्च दुप्पट-तिप्पट दिसूं लागतो आणि माणूस उगीच घाबरतो.

दुसरी गोष्ट वर्गणीदारांची. जो महिन्याची ठराविक वर्गणी भरतो, त्याला अशीं साधनें डॉलरांत जी रक्कम दाखवितात ती त्यानें दिलेली नसते. तेंच काम सुट्या भावानें घेतलें असतें तर किती पडलें असतें, एवढाच तिचा अर्थ. ती रक्कम तरीही लिहून ठेवावी, कारण ठराविक वर्गणीचे नियम ठराविक राहत नाहींत. कर्सर या प्रोग्रॅमच्या कंपनीनें २०२५ च्या जूनमध्यें महिना वीस डॉलरच्या वर्गणींत विनंत्या मोजण्याची रीत सोडून वापराचें मूल्य मोजण्याची रीत आणली. अनेकांना अनपेक्षित बिलें आलीं. ४ जुलैला कंपनीनें माफी मागून तो ज्यादा आकार परत करण्याचें कबूल केलें. त्याच महिन्याच्या अखेरीस अँथ्रॉपिकनें आठवड्याची मर्यादा जाहीर केली व ती २८ ऑगस्टपासून लागू झाली. दोनशें डॉलरच्या वर्गणींत एका वापरणाऱ्यानें हजारों डॉलरांचें, दहा-दहा हजारांच्या पटींतलें, काम करून घेतलें होतें, असें तेव्हां कंपनीनेंच सांगितलें. खाणावळीच्या महिनेवारी पानावर कोणी रोज पंक्तीभर जेवूं लागला म्हणजे मालक वाढप मोजूं लागतो, त्यांतलाच हा प्रकार. त्यांत मालकाला सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. पण ज्याच्याजवळ मागील महिन्यांचे आंकडे होते, त्याला नवा नियम आपणांस परवडतो कीं नाहीं हें त्याच दिवशीं कळलें. बाकीच्यांना तें पुढच्या बिलानें कळलें.

खर्च कमी करण्याचा उत्तम उपाय वरच्या श्रेढींतच आहे. त्याच बैठकींत ५० ऐवजीं ८० फेऱ्या केल्या तर वाचन ७९,२०,००० टोकनांवर जातें. तेंच काम ४०-४० फेऱ्यांच्या दोन स्वतंत्र बैठकींत केलें तर ४७,२०,००० पुरतात. बत्तीस लाख टोकनें वांचतात. अर्थात् दुसऱ्या कामाला पहिल्याचा मजकूर लागत नसेल तरच. एक चूक दुरुस्त झाल्यावर त्याच ओघांत दुसरीच गोष्ट काढणें ही महागडी संवय आहे. नेमकी कोणती फाइल पाहावयाची हें सांगणेंही तितकेंच मोलाचें. 'कोठें तरी चूक आहे, पाहा' असें म्हटलें कीं यंत्र दहा फाइली दप्तरांत ओढून आणतें, आणि त्या प्रत्येक फेरीला पुन्हां वाचल्या जातात.

राहतां राहिली ती नोंदी टिकविण्याची गोष्ट. क्लॉड कोडच्या नेहमींच्या मांडणींत बैठकींच्या जुन्या नोंदी तीस दिवसांनीं आपोआप पुसल्या जातात. मुदत वाढवितां येते. तें केलें नसेल तर महिना उलटण्यापूर्वीं कामाचें नांव, तारीख, यंत्र आणि चार आंकडे एवढें निराळें उतरवून घ्यावें. अशीं आठ-दहा कामें जमलीं कीं एकसारख्या दिसणाऱ्या दोन कामांच्या खर्चांत चौपट-पांचपट फरक पडल्याचेंही दिसून येईल. एकांत यंत्राला चूक पहिल्याच फाइलींत सांपडलेली असते, दुसऱ्यांत तें भलत्याच वाटेनें तासभर गेलेलें असतें. यास्तव पुढील कंत्राटाची किंमत सांगतांना सरासरी धरूं नये. त्या जातीचें सर्वांत महाग पडलेलें काम समोर ठेवून आंकडा सांगावा.