खाऱ्या पाण्याच्या टाकींतील रक्तबीज

श्रोतेहो, वसईच्या पाचूबंदरावर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं उभें राहिलें, म्हणजे एक गोष्ट सहज ध्यानांत येते. दक्षिणेकडून उल्हास आणि उत्तरेकडून वैतरणा या दोन नद्या आपला गाळ येथल्या समुद्रांत आणून सोडतात. पाणी गढूळ राहतें, आणि प्रवाळाच्या रंगीत बागा पाहावयाच्या तर मालवणाकडच्या निवळ पाण्याची वाट धरावी लागते. यास्तव वसई-विरारच्या ज्या हौशी कुटुंबांनीं दिवाणखान्यांत प्रवाळाची टाकी मांडली आहे, त्यांना समुद्र दाराशीं असूनही शुद्ध पाण्यांत कृत्रिम मीठ विरघळवून आपला समुद्र घरींच तयार करावा लागतो. अशा टाकींत आगंतुक म्हणून शिरणारें आणि पाहतां पाहतां घरधनी होऊन बसणारें एक समुद्रपुष्प आहे. त्याचें नांव ऐप्टेशिया. त्याचा बंदोबस्त कसा करावा, हा आजचा विषय.

समुद्रपुष्प हें नांव फसवें आहे. तें फूल नव्हे, प्राणी आहे, प्रवाळाचाच भाऊबंद. तपकिरी, कांचेसारखा अर्धपारदर्शक देठ, टोंकाला बारीक सोंडांचा झुबका आणि मधोमध तोंड, असें त्याचें रूप. विकत आणलेल्या खडकाच्या किंवा प्रवाळाच्या खालच्या अंगाला चिकटून तें घरांत येतें. पहिलें दिसतें तेव्हां मुलांना आनंद होतो, कीं टाकींत आपोआप फूल उमललें! परंतु त्याच्या सोंडांवर असंख्य दंशपेशी असतात. शेजारच्या प्रवाळाला त्या लागल्या, म्हणजे तो अंग आंखडून घेतो आणि कालांतरानें त्याचा तेवढा भाग मरतो. वर्ष-वर्ष जपलेलें प्रवाळ असें कडेकडेनें पांढरें पडतांना पाहणें मोठें कष्टाचें असतें.

या जिवाच्या चिवटपणाचीं दोन कारणें आहेत. पहिलें, त्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल राहतें. दिव्याच्या उजेडावर तें शैवाल अन्न तयार करतें आणि यजमानाला त्याचा वांटा देतें. शिवाय माशांसाठीं टाकलेल्या खाण्याचे कण सोंडांनीं टिपतां येतात तें वेगळेंच. दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. त्याच्या पायथ्याचा लहानसा तुकडा खडकावर राहिला, तरी त्यांतून नवें समुद्रपुष्प उभें राहतें. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला, कीं तेथें नवा दैत्य उठे. शेतकऱ्याला हराळीचा अनुभव तसाच आहे. म्हणून चिमट्यानें ओढणें, सुरीनें खरवडणें, बोटानें चिरडणें, हे उपाय एकाचीं दहा करणारे ठरतात. धीर धरणें ही येथें नीति नव्हे, युक्ति आहे.

कांहीं जण खडक बाहेर काढून त्यावर उकळतें पाणी ओततात. घरांत हें कदापि करूं नये. त्याच खडकावर झोअँथिड जातीचे प्राणी असले, तर त्यांतील कांहींच्या अंगीं पॅलिटॉक्सिन हें अत्यंत जहाल विष असतें, आणि तें वाफेबरोबर श्वासांत जातें. २०१८ सालीं इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यांत टाकींतील प्रवाळ साफ करतांना सुटलेल्या या विषामुळें एका कुटुंबाला रुग्णालय गांठावें लागलें.

मग करावें काय? प्रथम माशांचें खाणें बेतानें टाकावें. उरलेलें अन्न म्हणजे या पाहुण्याला रोजचें जेवण. संख्या थोडी असेल, तर विझवलेला चुना उपयोगी पडतो. पानाला लावतात तो हाच पदार्थ. मात्र बाजारी चुन्यांत आणखी काय मिसळलें असेल याचा भरंवसा नसल्यामुळें रसायनविक्रेत्याकडची शुद्ध भुकटी घ्यावी. ती थोड्या पाण्यांत दाट कालवून पिचकारींत भरावी, पाणी फिरविणारा पंप बंद करावा, आणि धक्का न लावतां हळूच तोंडावर लगदा सोडून सबंध प्राणी झांकून टाकावा. पाव तासानें तो लगदा नळीनें ओढून काढावा व पंप पुन्हां सुरू करावा. टाकीच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असावा लागतो आणि चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर असतो; म्हणून एका दिवशीं चार-पांचांहून अधिकांना हात लावूं नये. चुना डोळ्यांत गेल्यास दृष्टीला धोका असतो, तेव्हां चष्मा व हातमोजे घालावे आणि मुलांना दूर ठेवावें.

संख्या फार वाढली असेल, तर निसर्गांतला शत्रूच बोलवावा. पेपरमिंट कोळंबी लहान ऐप्टेशिया खाते. पण तिच्यासारखीच दिसणारी उंटकोळंबी प्रवाळालाच कुरतडते, म्हणून घेतांना नीट पारखावी. बर्घिया नांवाची बिनशंखाची इवलीशी समुद्री गोगलगाय तर ऐप्टेशियाखेरीज दुसरें कांहींच खात नाहीं. ती रात्रीं हिंडते, आणि भक्ष्य संपलें कीं उपाशी मरते. तेव्हां काम होतांच ती गरजू मित्राच्या टाकींत पोंचवावी.

सर्वांत उत्तम उपाय दारावरच्या पहाऱ्याचा. नवें प्रवाळ कांहीं आठवडे निराळ्या टाकींत ठेवून त्याचा तळ भिंगानें तपासावा. तें आलें कोठून, हेंही विचारावें. आपल्या समुद्रांतील प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचें संरक्षण आहे.

आणि कंटाळा आला म्हणून टाकींतला खडक किंवा पाणी अर्नाळ्याच्या खाडींत ओतूं नये. १९८४ सालीं मोनॅको येथील सागरी संग्रहालयाच्या पायथ्याशीं कौलर्पा नांवाच्या टाक्यांतील शैवालाचा लहानसा पट्टा दिसला. तुकड्यातुकड्यानें वाढून त्यानें भूमध्य समुद्राचा मोठा तळ व्यापला. तुकड्यापासून वाढणारा जीव घरांत उपद्रव करतो. समुद्रांत गेला, तर त्याला आंवर घालणारा कोणी नसतो. काढलेला खडक उन्हांत पुरता वाळवूनच टाकावा.

जातां जातां एक न्यायाची गोष्ट. प्रवाळ आपलें शैवाल गमावून पांढरें कां पडतें, हें कोडें उलगडण्यासाठीं जगांतील प्रयोगशाळा याच ऐप्टेशियाला पाळतात, कारण तो सहज वाढतो आणि सहजीं मरत नाहीं. ज्या गुणांनीं तो आपल्या घरीं वैरी ठरला, त्याच गुणांनीं तो तेथें प्रवाळांच्या उपयोगी पडत आहे. आपल्या टाकींत मात्र त्याला जागा नाहीं. पिचकारी हातीं घ्या, पण सुरी घेऊं नका, इतकें सांगून आपली रजा घेतों.